न्यूयॉर्क ही खरंच बास्केटबॉलची पंढरी आहे का?

कुंपणाबाहेरचा
२ जून २०२५, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी.

शनिवारी रात्री इंडियानापोलिसला, पेसर्सकडून, निक्स (एनबीए या व्यावसायिक लीगमधला न्यूयॉर्कचा संघ) हरले. सहावा सामना, १२५-१०८. पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाची अंतिम फेरी पाहायला मिळाली होती, ती तिथेच संपली. आज ऑफिसात जाईन तेव्हा बोस्टनचा सहकारी काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण गेली सहा वर्षं तो तेच म्हणतो: "१९७३ नंतर एक विजेतेपद नाही, आणि म्हणे बास्केटबॉलची मक्का!"

दरवेळी मी गप्प बसतो. या वेळी नीट विचार करून उत्तर द्यायचं ठरवलंय, म्हणून हा धागा.

अमेरिकन लोक ज्याला मक्का म्हणतात त्याला आपले क्रीडापत्रकार पंढरी म्हणतात. लॉर्ड्स ही क्रिकेटची पंढरी, तशी मॅडिसन स्क्वेअर गार्डन ही बास्केटबॉलची. हे नाव मुळात शहराला नव्हे, इमारतीला मिळालं. तेही आजच्या इमारतीला नाही. आजचं गार्डन पेन स्टेशनच्या डोक्यावर १९६८ साली उघडलं. त्याआधीचं गार्डन आठव्या अॅव्हेन्यूवर ४९ आणि ५० व्या रस्त्यांच्या मध्ये होतं. नेड आयरिश नावाच्या क्रीडापत्रकाराने २९ डिसेंबर १९३४ ला तिथे एका रात्रीत दोन कॉलेज सामने लावले. ऐन मंदीच्या काळात सोळा हजारांवर माणसं आली. त्या रात्री एनवायूने (न्यूयॉर्क विद्यापीठाने) नोत्र दामला २५-१८ असं हरवलं. तोवर कॉलेजच्या छोट्या जिममध्ये खेळला जाणारा हा खेळ देशातल्या सगळ्यात मोठ्या मंचावर आला. मग कान्सास, केंटकी, कॅलिफोर्निया, जिथला म्हणून चांगला संघ असेल त्याला वाटायला लागलं की गार्डनला एकदा खेळल्याशिवाय आपल्याला कोणी मानणार नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. पंढरी कशाने होते? ज्ञानोबा आपेगावचे, तुकोबा देहूचे, नाथ पैठणचे. ते पंढरपुरात जन्मले नाहीत म्हणून कोणी पंढरीचं पंढरीपण नाकारत नाही. लोक जिथे चालत येतात ती पंढरी. मायकेल जॉर्डनने बेसबॉल सोडून परतल्यावर मार्च १९९५ मध्ये ५५ गुण केले ते गार्डनमध्ये. कोबी ब्रायंटचे ६१, फेब्रुवारी २००९, गार्डन. स्टेफ करीचे ५४, २०१३, गार्डन. त्याच करीने डिसेंबर २०२१ मध्ये तीन गुणांच्या फेकींचा विक्रम मोडला, तोही इथेच. आणि प्रतिस्पर्ध्याच्या त्या फेकीला अख्खं गार्डन उभं राहिलं.

पण मी स्वतः गार्डनचा वारकरी नाही. माझी जागा वेस्ट फोर्थ स्ट्रीटच्या कोर्टाच्या कुंपणाबाहेर आहे. सहाव्या अॅव्हेन्यूला लागून, भुयारी रेल्वेच्या तोंडाशी. कोर्ट मापापेक्षा लहान, बसायला जागा नाही, चारी बाजूंना उंच जाळी. सगळे त्याला 'केज' म्हणतात. २०११ ला या शहरात आलो तेव्हा माझी इथे कोणाशीच ओळख नव्हती. त्या जाळीला बोटं अडकवून उभा असताना शेजारच्या माणसाने विचारलं, "हा डावखुरा पाहिलास का?" या शहरात कोणी आपण होऊन माझ्याशी बोललं ती पहिली वेळ.

तर तुम्हीच सांगा. ही पंढरी आहे, की जुन्या पुण्याईवर चाललेलं नाव?

---

इंडीकर
२ जून, सकाळी ९:१५

अभिनंदन स्वीकारतो. :) अठरा वर्षं इंडियानापोलिसला आहे, तेव्हा मला बोलायलाच हवं.

तुमचा पंढरीचा मुद्दा आवडला, पण त्याच मापाने मोजायचं तर पंढरी आमच्याकडे आहे. नेस्मिथसाहेबांनी खेळ शोधला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला, डिसेंबर १८९१, वायएमसीएच्या जिममध्ये, पीचच्या टोपल्या टांगून. म्हणजे जन्मस्थान तुमचंही नाही, आमचंही नाही. पण खेळाला घरातलं दैवत कोणी केलं असेल तर इंडियानाने. इथे राज्याची शालेय स्पर्धा १९११ पासून चालू आहे. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात गेलात तर शाळेची जिम अशी की अख्खा गाव मावून शेजारचाही मावेल. न्यूकासलची जिम बघून या एकदा. शाळेची आहे यावर विश्वास बसत नाही.

१९५४ ला मिलान नावाच्या खेड्यातल्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या बलाढ्य शाळेला ३२-३० हरवलं. शेवटची फेक बॉबी प्लंपची. तो सामना झाला ती जिम, हिंकल फील्डहाउस, १९२८ ची, अजून उभी आहे. हिवाळ्यात वरच्या खिडक्यांतून तिरकं ऊन कोर्टावर पडतं. मी मुलाला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

न्यूयॉर्कला बास्केटबॉल हा दहा करमणुकींपैकी एक. नाटक आहे, संग्रहालयं आहेत, बेसबॉलचे दोन संघ आहेत. इथे शुक्रवारी रात्री दुसरं काही नाही. भक्ती म्हणतात ती अशी, एकाच दारात उभी राहणारी.

---

मधुरा_पुणे
२ जून, रात्री ८:०२ (भारत)

वाचतेय. इंडीकर, हिंकलचं वर्णन सुंदर. अजून लिहा.

---

हाफकोर्ट
२ जून, दुपारी १२:३०

न्यू जर्सीत आठवड्याच्या शेवटी मुलांना शिकवतो, शाळेत असताना मुंबई जिल्ह्याकडून खेळलोय. मी खेळाच्या अंगाने लिहितो, कारण हा प्रश्न नुसत्या जिमच्या आकाराने सुटणारा नाही.

एखाद्या शहराने खेळाला स्वतःची बोली दिली का, हे मी विचारेन. न्यूयॉर्कने दिली. बॉब कूझी क्वीन्समध्ये वाढला, लेनी विल्कन्स ब्रुकलिनचा, टायनी आर्चिबाल्ड ब्रॉंक्सचा, पर्ल वॉशिंग्टन ब्रुकलिनचा, केनी अँडरसन क्वीन्सचा, स्टेफॉन मारबरी कोनी आयलंडचा, केंबा वॉकर ब्रॉंक्सचा. सगळे गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ चालवणारे. सगळे चेंडू हाताला चिकटल्यासारखा खेळवणारे.

हे का झालं ते एखाद्या प्लेग्राउंडवर तासभर खेळलात की कळतं. उघड्यावरच्या कोर्टाची रिम दुहेरी, कडक, बऱ्याचदा जाळी नसलेली. लांबून मारलेला चेंडू जरा चुकला की दगडावर आपटल्यासारखा उडतो. वर नदीवरून येणारा वारा. मग मुलगा लांबून मारायचं सोडतो आणि आत घुसायला शिकतो. कोर्ट लहान, माणसं जास्त, म्हणून दोघांच्या मधून निघायला शिकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जिंकेल तो संघ कोर्टावर राहतो. हरलात तर बाहेर, आणि 'पुढची आमची' म्हणून चार संघ आधीच थांबलेले. म्हणजे पुन्हा खेळायला दीड तास. त्यामुळे न्यूयॉर्कचा पोरगा साधा लेअप, म्हणजे रिमजवळून मारायची सोपी फेकसुद्धा, जीव खाऊन मारतो.

आर्चिबाल्डने १९७२-७३ च्या मोसमात सामन्यामागे ३४ गुण आणि ११.४ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी ठेवली. दोन्ही यादीत पहिला. एकाच मोसमात दोन्ही किताब अधिकृतपणे मिळवणारा तो एकटाच. उंची सहा फूट एक इंच. ही सगळी विद्या सिमेंटवरची.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. याच कारणाने न्यूयॉर्कचा गार्ड फेकीत कच्चा राहिला, आणि आज खेळ फेकीचा झालाय. गुणी पोरगा चौदा-पंधराचा झाला की न्यू जर्सी, कनेक्टिकट, फ्लोरिडाच्या निवासी शाळा त्याला उचलतात. ज्या कॅथलिक शाळांनी ही मुलं घडवली त्या बंद पडल्या. करीम अब्दुल-जब्बार, तेव्हाचा ल्यू अल्सिंडॉर, ज्या पॉवर मेमोरियलमधून खेळला आणि जिने सलग ७१ सामने जिंकले, ती १९८४ ला बंद झाली. हार्लेम या मॅनहॅटनमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतली राईस हायस्कूल २०११ ला. हे वाचून पुढे जाऊ नका, इथे जरा थांबा. पंढरीची वारी चालू असली तरी दिंड्या कमी झाल्यात.

---

शिकागोकर_अनघा
२ जून, संध्याकाळी ६:४५

हाफकोर्ट, यादी छान, पण ऐंशी लाखांच्या शहरातून सात-आठ गार्ड निघाले यात नवल ते काय? आमच्याकडे वस्ती निम्म्याहून कमी, तरी आयझेया थॉमस, ड्वेन वेड, डेरिक रोझ, अँथनी डेव्हिस. शिवाय आमच्या बुल्स संघाची सहा विजेतेपदं. जॉर्डन जन्मला ब्रुकलिनला, हे न्यूयॉर्कवाले आवर्जून सांगतात. पण तो वाढला नॉर्थ कॅरोलिनात आणि मोठा झाला शिकागोत.

आणि एक गोष्ट मला खरंच खुपते. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा संघ आमचा, शिकागोच्या साउथ साइडचा, १९२० च्या दशकातला. मालकाने नाव लावलं हार्लेमचं. प्रत्यक्ष हार्लेममध्ये हा संघ पहिल्यांदा खेळला १९६८ मध्ये! म्हणजे चाळीस वर्षं आमच्या पोरांच्या घामावर तुमच्या गावाचं नाव चाललं.

---

कुंपणाबाहेरचा
२ जून, रात्री १०:२०

अनघाताई, ग्लोबट्रॉटर्सबद्दल तुमचं खुपणं रास्त आहे. त्या मुलांना शिकागोचं श्रेय मिळायला हवं होतं. पण हेही बघा, १९२० च्या दशकातच शिकागोतल्या माणसाला वाटलं की कृष्णवर्णीय बास्केटबॉल संघ विकायचा तर नाव हार्लेमचं हवं. त्याला कारण होतं. कोणी रेन्स या हार्लेमच्या जुन्या संघाबद्दल लिहिलं नाही तर मी उद्या लिहितो.

---

हिशोबनीस
३ जून, सकाळी ६:५०

सगळे चांगलं लिहिताहेत, पण १९५१ चं नाव कोणीच घेत नाही. ते टाळून हा धागा पूर्ण होणार नाही.

१९५० चा सिटी कॉलेजचा संघ. सरकारी कॉलेज, फी नाही, कामगारांची आणि स्थलांतरितांची मुलं. संघात ज्यू आणि कृष्णवर्णीय पोरं, एकूण एक न्यूयॉर्कची. एनआयटी या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी केंटकीला ८९-५० असं धुतलं. केंटकीच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय नव्हता. मग एनआयटी जिंकली आणि त्याच महिन्यात एनसीएए ही दुसरी राष्ट्रीय स्पर्धासुद्धा. दोन्ही अंतिम सामने ब्रॅडलीविरुद्ध, दोन्ही गार्डनमध्ये. एकाच मोसमात दोन्ही जिंकणारा दुसरा संघ झाला नाही.

वर्ष उलटायच्या आत यातल्याच मुलांना अटक झाली. पैजेवाल्यांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक कमी ठेवायचा, म्हणजे जिंकायचं पण ठरवल्यापेक्षा कमी फरकाने. सिटी कॉलेज, एलआययू (लाँग आयलंड विद्यापीठ), एनवायू, मॅनहॅटन, आणि बाहेरचे ब्रॅडली, टोलेडो, केंटकीसुद्धा. प्रकरण फुटलं ते मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉगमुळे. त्याला लाच देऊ केली, त्याने सरळ प्रशिक्षकाला सांगितलं.

गार्डनच्या गॅलरीत पैजेवाले उघड बसायचे. एनसीएएचा अंतिम सामना १९४३ ते ४८ आणि १९५० असा सात वेळा गार्डनला झाला होता. १९५१ नंतर आजतागायत एकदाही नाही. न्यूयॉर्कचं कॉलेज बास्केटबॉल त्यातून पूर्ण कधीच सावरलं नाही. देवळाच्या सभामंडपात बाजार भरू दिला तर असं होतं. म्हणून माझं मत: नाव खरं होतं, १९३४ ते १९५१. पुढे ते परत कमवावं लागलं, आणि गार्डनने ते कमवलेलं नाही.

---

कुंपणाबाहेरचा
३ जून, रात्री ११:०५

हिशोबनीस, तुमचा प्रतिसाद वाचून दिवसभर अस्वस्थ होतो. खोडून काढण्यासारखं त्यात काही नाही. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगतो, कारण माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे.

त्या सिटी कॉलेजच्या संघात फ्लॉइड लेन नावाचा ब्रॉंक्सचा मुलगा होता. तोही पकडला गेला. एनबीएची दारं कायमची बंद. तो ब्रॉंक्सला परत गेला आणि वस्तीतल्या मुलांना शिकवायला लागला. तिथे एक बुटका, अबोल पोरगा होता, ज्याला शाळेच्या संघातून काढून टाकलं होतं. लेनने त्याला धरून ठेवलं, परत संघात जायला लावलं. तो पोरगा म्हणजे हाफकोर्ट यांनी वर लिहिलेला टायनी आर्चिबाल्ड. लेन पुढे, १९७४ पासून, त्याच सिटी कॉलेजचा प्रशिक्षक झाला.

दुसरा माणूस होल्कम रकर. उद्यान खात्यातला साधा नोकर. १९५० च्या सुमारास त्याने हार्लेममधल्या मुलांसाठी उन्हाळी स्पर्धा सुरू केली. मुलांची शाळेची प्रगतिपुस्तकं तपासायचा, व्याकरण शिकवायचा, कॉलेजात पाठवायचा. 'ईच वन, टीच वन', एकाने एकाला शिकवायचं, हे त्याचं ब्रीद. १९६५ ला कॅन्सरने गेला, चाळिशी गाठायच्या आत. १५५ व्या रस्त्यावरच्या मैदानाला १९७४ मध्ये त्याचं नाव दिलं. तिथे विल्ट चेंबरलेन खेळला, ज्युलियस अर्व्हिंग खेळला तेव्हा लोक झाडांवर आणि शेजारच्या छपरांवर चढून बघत. आणि ऑगस्ट २०११ मध्ये, एनबीए बंद असताना, केव्हिन ड्युरांट नुसता चालत आला आणि त्याने ६६ गुण केले. त्या ड्युरांटचा जन्म वॉशिंग्टनचा. त्याला पैशाची किंवा प्रसिद्धीची काय गरज होती? त्याला रकरला खेळायचं होतं, एवढंच.

गार्डन हे नाव राखू शकलं नाही हे मी मान्य करतो. ते राखलं सिमेंटच्या कोर्टांनी.

---

रिबाउंडताई
४ जून, सकाळी ८:३०

तीन दिवस वाट बघतेय कोणी बायकांचं नाव घेतं का. विजेतेपद नाही, विजेतेपद नाही असं काय चाललंय? २० ऑक्टोबर २०२४ ला न्यूयॉर्क लिबर्टी जिंकले! ब्रुकलिनमध्ये, बार्कलेज सेंटरला, मिनेसोटाविरुद्ध पाचवा सामना, जादा वेळेत ६७-६२. मी तिथे होते. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, १९९७ पासून, म्हणजे बायकांची लीग सुरू झाल्यापासून, येणाऱ्या. त्याआधी पाच वेळा अंतिम फेरीत हरलेला संघ. शिट्टी वाजल्यावर त्या माझा हात धरून रडल्या आणि मग मीही रडले.

आणि हे विसरू नका की २०१८ ला या संघाला गार्डनमधून हलवून वेस्टचेस्टरच्या एका लहान सभागृहात नेलं होतं. दोन मोसम तिथे. संघ विकला गेला, मग ब्रुकलिनला आला. चार दिवसांनी मॅनहॅटनमध्ये मिरवणूक निघाली, कागदाच्या पताकांचा पाऊस. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला खांद्यावर घेऊन उभी होते.

मुलींची परंपरा मुलांपेक्षा तिळभर कमी नाही. नॅन्सी लीबरमन, फार रॉकवेची. ही मुलगी एकटी भुयारी रेल्वेने तास-दीड तास प्रवास करून हार्लेमला मुलांशी खेळायला जायची. १९७६ ला अठराव्या वर्षी ऑलिम्पिकचं रौप्य, बायकांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं त्याच वर्षी. शमिक होल्ड्सक्लॉ, अॅस्टोरियाच्या सरकारी चाळीत आजीजवळ वाढलेली, टेनेसी विद्यापीठाकडून सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. एपिफनी प्रिन्सने २००६ मध्ये शालेय सामन्यात एकटीने ११३ गुण केले. एकशे तेरा.

होल्ड्सक्लॉ, सू बर्ड, टीना चार्ल्स, तिघी क्वीन्समधल्या एकाच शाळेच्या, क्राइस्ट द किंगच्या. इंडीकर, अनघा, अशी एक शाळा तुमच्याकडची सांगा.

---

शिकागोकर_अनघा
४ जून, सकाळी ९:१०

रिबाउंडताई, नाही सांगता येणार. इथे तुम्ही जिंकलात, मनापासून.

---

अभंगवेडी
४ जून, दुपारी १:४०

मूळ लेखात पंढरीचं रूपक वापरलंय, तर ते पूर्ण वापरू या. पंढरी म्हटली की नामदेवाच्या पायरीसमोरची चोखोबांची समाधीही येते. ज्याला आत घेतलं नाही त्याची भक्ती सगळ्यांत खरी होती.

न्यूयॉर्कच्या बास्केटबॉलचा चोखोबा म्हणजे रेन्स. १९२३ ला रॉबर्ट डग्लस या सेंट किट्सहून आलेल्या माणसाने हार्लेममधल्या रेनेसान्स नावाच्या नाचघरात संघ उभा केला. मालक कृष्णवर्णीय, खेळाडू कृष्णवर्णीय, पूर्णवेळ पगारी. आधी सामना, मग त्याच लाकडी फरशीवर नाच. १९३२-३३ मध्ये सलग ८८ सामने जिंकले. दौऱ्यावर हॉटेल मिळायचं नाही, खानावळीत बसू द्यायचे नाहीत, मग दोनशे मैल बसने मुक्कामाच्या गावी परत. १९३९ ला शिकागोत झालेली व्यावसायिक संघांची पहिली जागतिक स्पर्धा रेन्सने जिंकली, अंतिम सामन्यात गोऱ्या ओशकोश संघाला हरवून.

आणि १९४६ ला आजच्या एनबीएची आधीची लीग सुरू झाली तेव्हा न्यूयॉर्कची जागा निक्सला मिळाली. रेन्स बाहेर. दोन-तीन वर्षांत संघ संपला. निक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, नॅट क्लिफ्टन, घेतला १९५० ला. तो आधी रेन्सकडून खेळलेला.

अनघा, हार्लेम हे नाव का विकलं जायचं, त्याचं उत्तर हे.

---

इंडीकर
४ जून, संध्याकाळी ५:२५

अभंगवेडी, हे वाचून आमच्याकडचंही सांगणं भाग आहे. क्रिस्पस अॅटक्स, इंडियानापोलिसची कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा. ऑस्कर रॉबर्टसनच्या जोरावर १९५५ ला राज्याची स्पर्धा जिंकली. जिंकलेल्या संघाची मिरवणूक दरवर्षी शहराच्या मध्यात थांबून साजरी व्हायची. त्या वर्षी गाडी मध्यभागाला एक फेरी मारून त्यांच्याच वस्तीतल्या बागेत पाठवून दिली. मिलानच्या मुलांचं कौतुक मी आधी केलं आणि अॅटक्सचं नाव घेतलं नाही, ही माझी चूक.

---

नागपाड्याचे_काका
५ जून, सकाळी १०:१५ (भारत)

तरुण मंडळी छान लिहीत आहेत. मी ७४ वर्षांचा, अमेरिका पाहिलेली नाही. पण एक दुवा जोडून देतो.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला ज्यू मुलं हा खेळ शिकली ती 'सेटलमेंट हाउस'मध्ये. गरीब वस्तीत घर घ्यायचं, तिथेच राहायचं, शिकवणी, दवाखाना, खेळ चालवायचे अशी ती पद्धत. एनबीएच्या इतिहासातली पहिली बास्केट, १ नोव्हेंबर १९४६, मारणारा निक्सचा ऑसी शेक्टमन हा न्यूयॉर्कचाच ज्यू मुलगा.

तीच पद्धत आपल्या मुंबईत आली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. टाटांची समाजकार्याची संस्था १९३६ ला सुरू झाली तीही त्याच इमारतीत. आणि तिथल्या कोर्टावर नागपाड्याची पोरं बास्केटबॉल शिकली. अब्बास मूनतसीर, भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार, त्याच गल्लीतले. आम्ही गिरगावातून चालत जायचो बघायला. रात्री दिव्याखाली सामना, चहाच्या टपरीवर उभं राहून बघणारे शंभर जण, आणि एखादा पास चुकला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचा ओरडा. बच्चूखान यांच्या हाताखाली तयार झालेली ती मुलं. मैदानाला आज त्यांचंच नाव आहे.

तुमच्या त्या रकर यांच्याबद्दल वाचलं आणि मला बच्चूखानच डोळ्यांपुढे आले.

---

हाफकोर्ट
५ जून, सकाळी ७:३०

काका, नमस्कार करतो. आमच्या जिल्हा संघाला नागपाड्याने कायम हरवलं, आणि हरताना शिकवलं. लहान कोर्ट, भोवती गर्दी, आत घुसणारे गार्ड. मी आजवर हे दोन्ही एकत्र जोडून पाहिलंच नव्हतं.

---

इंडीकर
६ जून, रात्री १२:२०

पेसर्सनी ओक्लाहोमात एनबीएच्या अंतिम फेरीचा पहिला सामना काढला. १११-११०. हॅलिबर्टनची फेक शेवटच्या ०.३ सेकंदाला! झोप येणं शक्य नाही. कुंपणाबाहेरचा, पुढच्या वर्षी हिंकलला या. राहायची सोय माझ्याकडे.

---

कुंपणाबाहेरचा
६ जून, सकाळी ६:३०

नक्की येतो. आणि मनापासून अभिनंदन. तुमच्या गावाने आम्हाला हरवलं असलं तरी काल रात्री मी तुमच्या बाजूने ओरडत होतो.

---

सोलापूरचा_फॉरवर्ड
७ जून, दुपारी ३:५० (भारत)

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. धागा दोनदा वाचला. बहिणीकडे ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला येतोय, दहा दिवस. गार्डन त्या काळात बंद असेल ना? मग नेमकं काय बघू? आणि मला खेळू देतील का? कॉलेजचा खेळाडू आहे, उंची पाच-अकरा.

---

कुंपणाबाहेरचा
७ जून, सकाळी ९:००

ये रे, अवश्य ये. ऑगस्ट हाच खरा महिना आहे, कारण गार्डनमध्ये निक्स नसतात पण रस्त्यावरचा खेळ भरात असतो.

शनिवार निवड. भुयारी रेल्वेची डी गाडी लक्षात ठेव, नारिंगी रंगाची. ती कोनी आयलंडला, समुद्राजवळ सुरू होते. मारबरीचं गाव. सकाळी तिथून निघ. वाटेत बार्कलेज सेंटर लागेल, लिबर्टीचं घर. त्यांचे सामने उन्हाळ्यातच असतात, रिबाउंडताईंना विचार, त्या नेतील. पुढे नदी ओलांडून वेस्ट फोर्थला उतर. वर आलास की समोर केज. तिथे दोन तास नुसता बघ, घाई करू नकोस. मग परत तीच गाडी. ३४ व्या रस्त्यावर उतरून पश्चिमेला एक मोठा चौक चाललास की गार्डन, बाहेरून बघून घे. परत डी, आणि थेट १५५. पुलाखालून बाहेर आलास की पोलो ग्राउंड्सच्या उंच इमारती दिसतील, त्यांच्या समोर रकर पार्क.

खेळू देतील का म्हणशील, तर स्पर्धेच्या वेळी नाही. पण सकाळी लवकर किंवा आठवड्यात कुठल्याही कोर्टावर जा, कडेला उभ्या असलेल्यांना विचार, 'पुढची कोणाची?' आणि थांब. चार गडी जमव. कोणी नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही. पहिला पास नीट दे, बचावात पाय हलते ठेव. पहिला सामना हरलास तर कडेला बसून पुन्हा नंबर लाव.

मी केजच्या कुंपणापाशी, सहाव्या अॅव्हेन्यूच्या बाजूला असेन. निळी टोपी. हाक मार.

---

सोलापूरचा_फॉरवर्ड
७ जून, संध्याकाळी ७:१२ (भारत)

येतो दादा. बूट नवे घेऊ की जुनेच आणू?

---

हाफकोर्ट
७ जून, सकाळी ९:५५

जुने आण. सिमेंटवर नवे तळवे आठवड्यात झिजतात.